शुक्रवारची सहल

(सहलीला जायचे म्हणजे खूप पैसे हवेत, दूरचे गाव हवे, असे आपल्याला वाटते. पण घरापासून नदीच्या पुलापर्यंतही सहल होऊ शकते. या पाठात मालेगावातील एक आई आपल्या तीन मुलांबरोबर केलेल्या छोट्या सहलींची आणि ईदच्या आदल्या रात्री घडलेल्या एका प्रसंगाची हकिकत सांगत आहे.)

मुलांनो, 'सहल' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? भाड्याची बस, डब्यातल्या पुऱ्या, समुद्र किंवा लेणी. खरे ना? आमच्या घरातल्या सहली अशा नव्हत्या. त्यांतली सर्वांत लांबची सहल मनमाडपर्यंत गेली आणि सर्वांत अवघड सहल आमच्याच बाजारात झाली. त्या दोन्ही सहली मी तुम्हांला सांगणार आहे.

आम्ही मालेगावात राहतो. नाशिक जिल्ह्यातले हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. १८५७ नंतर उत्तर भारतातून अनेक विणकर कुटुंबे येथे येऊन राहिली. आधी हातमाग होते. पुढे विजेवर चालणारे माग आले. आमच्या मोहल्ल्यात पहाटेही खटखट आणि मध्यरात्रीही खटखट! पाहुण्यांना त्या आवाजाने झोप येत नाही. आमच्या मुलांना उलट शुक्रवारी झोप येत नसे. कारण शुक्रवारी माग बंद असतात.

मुलांचे अब्बा माग चालवतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. बारा तास उभे राहून ते घरी येत, तेव्हा मुले झोपलेली असत. मुले जागी होत, तेव्हा ते झोपलेले असत. मी घरी शिवणयंत्रावर कपडे शिवते. त्या वेळी थोरला मुलगा तेरा वर्षांचा होता, मधली मुलगी आठ वर्षांची होती आणि धाकटा मुन्ना चार वर्षांचा होता.

मधली दर आठवड्याला विचारायची, "अब्बा, आपण फिरायला कधी जायचे?"

"पुढच्या जुम्म्याला नक्की जाऊ, बेटी."

पुढचा जुम्मा यायचा. जुम्म्याची नमाज व्हायची, जेवण व्हायचे आणि आठवडाभराच्या थकव्याने अब्बांचे डोळे मिटायचे. असे किती जुम्मे गेले, ते मी मोजले नाहीत. मुलीने मात्र मोजले असतील.

एका शुक्रवारी अब्बा आपणहून हसत म्हणाले, "आज कोणी फिरायला जायचे विचारले नाही!"

मधली वहीत चित्र काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अब्बा, आता मी विचारत नाही."

ती रागावून बोलली असती, तर आम्ही तिची समजूत घातली असती. पण ती अगदी शांतपणे बोलली. म्हणूनच ते शब्द आम्हां दोघांना फार लागले. मुले हट्ट करतात, तोवर त्यांना आपल्याकडून आशा असते. त्यांनी मागणेच सोडले, तर काय करावे?

त्याच दिवशी अस्रच्या नमाजेनंतर अब्बांनी चपला घातल्या आणि दारातूनच हाक मारली, "चला! सहल निघाली!"

"कुठे?" तिन्ही मुलांनी एकदम विचारले.

"मोसमच्या पुलावर."

मोसम नदी आमच्या शहरातून वाहते. मुलांनी तो पूल शंभर वेळा पाहिला होता. पण त्या दिवशी कुठेही पोहोचायची घाई नव्हती. पुलावरून किती सायकली जातात, ते मधलीने मोजले. पाण्यात म्हशी का बसतात, हे मुन्नाने सात वेळा विचारले आणि अब्बांनी सातही वेळा उत्तर दिले. घरी येताना चार आण्याचाही खर्च झाला नव्हता, तरी मुले दोन दिवस त्या सहलीबद्दलच बोलत होती.

त्यानंतर शुक्रवारची सहल हा आमच्या घरचा नियमच झाला. एकदा आम्ही भुईकोट किल्ल्यावर गेलो. हा किल्ला नारोशंकर यांनी १७४० च्या सुमारास बांधला. १८१८ साली इंग्रजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा तो जवळजवळ महिनाभर झुंजत राहिला. थोरल्याने ही माहिती इतिहासाच्या गुरुजींकडून आणली होती. तो खंदकाकडे बोट दाखवून आम्हांला ती सांगत होता, तेव्हा अब्बा शाळकरी मुलासारखे हात बांधून ऐकत होते!

एका शुक्रवारी अब्बांनी मुलांना माग दाखवला. कारखाना बंद होता, म्हणून निवांत पाहता आले. उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. बाणा घेऊन धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि कापड तयार होते. "अब्बा, धागा तुटला तर?" मधलीने विचारले. "माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा," अब्बा म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. ते पुढे येणार आहे.

या सहलींत आम्ही एक खेळही खेळत असू. वाटेत अब्बा अचानक थांबायचे आणि विचारायचे, "हात सुटला तर?"

मुले ओरडायची, "जिथे सुटला तिथेच थांबायचे!"

"आणि मोठ्यांनी?"

"जिथे सुटला तिथेच परत यायचे!"

मग मुन्नाची परीक्षा असे. "तुझ्या अब्बांचे नाव काय?" सुरुवातीला तो छाती फुगवून सांगायचा, "अब्बा!" सगळे हसायचे. चार-पाच शुक्रवारांनंतर तो अब्बांचे पूर्ण नाव आणि मोहल्ल्याचे नावही न अडखळता सांगू लागला.

आता मनमाडची सहल ऐका. मालेगावात रेल्वे नाही. मुन्नाने आगगाडी फक्त चित्रात पाहिली होती. म्हणून एका शुक्रवारी आम्ही सकाळीच एस. टी. ने मनमाडला निघालो. पाच वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना एस. टी. त अर्धे तिकीट असते. मधलीचे अर्धे तिकीट निघाले. थोरल्याचे पहिल्यांदाच पूर्ण तिकीट काढावे लागले. ते त्याने सर्वांना दिसेल असे खिशात खोचले. मुन्नाला मात्र तिकीटच नव्हते. तो रडू लागला. "मी काय बसमध्ये नाही?" तो विचारू लागला. कंडक्टरकाकांनी एका कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या आणि तो चिटोरा मुन्नाच्या हातात दिला. तेव्हा कुठे बसमध्ये शांतता झाली!

मनमाड हे मोठे जंक्शन आहे. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार दिशांना येथून लोहमार्ग जातात. आम्ही प्लॅटफॉर्म तिकिटे काढून बाकावर बसलो. एक लांबलचक मालगाडी आली. मुन्ना डबे मोजू लागला. त्याला वीसपर्यंतच अंक येत होते. म्हणून एकविसाव्या डब्याला तो पुन्हा "एक" म्हणायचा! इंजिनाची शिट्टी वाजली, तेव्हा तो घाबरून थोरल्याला बिलगला. थोरल्याने त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवले. दुपारी अब्बांनी थोरल्याला घेऊन तिथल्याच मशिदीत जुम्म्याची नमाज अदा केली. मग आम्ही घरून आणलेल्या रोट्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. संध्याकाळी परतताना मुन्ना थोरल्याच्या मांडीवर झोपला होता. मला वाटले, माझा थोरला खरोखरच मोठा झाला आहे.

पण मुलांनो, तेरा वर्षांचा मुलगा मोठा असतो आणि लहानही असतो. हे मी त्या वेळी विसरले.

तो रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. मगरिबच्या वेळी आम्ही गच्चीवर चढलो. सर्वांत आधी चंद्रकोर मधलीला दिसली. "चाँद मुबारक! चाँद मुबारक!" सगळ्या गच्च्या दुमदुमल्या. दुसऱ्या दिवशी ईद ठरली आणि घरात एकच धांदल उडाली. शीरखुर्म्यासाठी शेवया आणि दूध आले होते. खारीक आणि चारोळी आणायची होती. मधलीला बांगड्या हव्या होत्या. अब्बा फितरा पोहोचवायला गेले होते. फितरा ईदच्या नमाजेपूर्वी द्यायचा असतो, म्हणजे गरिबांच्या घरीही ईद होते. मी तिन्ही मुलांना घेऊन बाजारात गेले.

चाँदरातीच्या बाजाराची गर्दी तुम्ही पाहिली असेलच. दिव्यांच्या माळा, अत्तराचा सुगंध, टोप्यांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. मी मधलीला घेऊन बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि थोरल्याला म्हणाले, "मुन्नाला सांभाळ. मी आलेच."

बांगड्या निवडून होतात न होतात, तोच थोरला दारात आला. तो एकटाच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अम्मी... मुन्ना..."

माझ्या तोंडचे पाणी पळाले. पुढे काय झाले, ते सांगताना मला आजही लाज वाटते. माझा हात उठला. भर बाजारात, लोकांसमोर मी त्याच्या गालावर थप्पड मारली. "कुठे सोडलास त्याला? सांग!" मी ओरडले.

त्याला सांगायचे होते. पण थपडेनंतर त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. तो नुसता हुंदके देत राहिला. कधी इकडे बोट दाखवी, कधी तिकडे. आम्ही चपलांच्या दुकानांकडे धावलो, तिथून टोप्यांच्या दुकानांकडे धावलो. मी मुन्नाच्या नावाने हाका मारत होते. पण त्या गोंगाटात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. दहा मिनिटे अशी गेली.

तेव्हा मधलीने माझी ओढणी ओढली. ती म्हणाली, "अम्मी, जिथे हात सुटला तिथेच परत जायचे असते ना?"

मी थबकले. दर शुक्रवारी आम्हीच शिकवलेला नियम आम्ही मोठेच विसरलो होतो! मी खाली बसले आणि थोरल्याचे डोळे पुसले. त्याचे दोन्ही हात हातांत घेऊन मी म्हणाले, "बेटा, घाबरू नकोस. आठव. हात सुटला तेव्हा तुझ्याजवळ काय होते?"

त्याने डोळे मिटले. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "खजूर... खजुरांचा वास येत होता, अम्मी. आणि एक पिवळा दिवा होता."

आम्ही खजुरांच्या गाड्यांकडे धावलो. तिसऱ्या गाडीवर पिवळा दिवा लटकत होता. त्याखाली एका खोक्यावर मुन्ना बसला होता. त्याच्या दोन्ही गालांत खजूर होते. खजूरवाले चाचा म्हणाले, "बहेनजी, तुमचा मुलगा मोठा पक्का आहे. अब्बांचे नाव सांगितले, मोहल्ला सांगितला. म्हटले, चल, घरी पोहोचवतो. तर म्हणाला, नाही, मी इथून हलणार नाही!"

मला पाहताच मुन्ना रुसून म्हणाला, "अम्मी, मी इथेच होतो. तुम्हीच हरवलात!"

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला उराशी धरले. पण थोरला जवळ आला नाही. तो चार पावले दूर, मान खाली घालून उभा होता.

त्या रात्री तो जेवला नाही. मी सगळी हकिकत मुलांच्या अब्बांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "धागा तुटला की आम्ही आधी माग थांबवतो. गाठ मारतो. धाग्याला मारत नाही."

मला रात्रभर झोप आली नाही. थपडेने मुन्ना सापडला नव्हता. थपडेने उलट दहा मिनिटे वाया गेली होती. मुलगा सापडला तो थोरल्याच्या आठवणीमुळे, आणि ती आठवण मी मायेने विचारल्यावरच जागी झाली होती. शिवाय चूक एकट्या त्याचीच होती का? चाँदरातीच्या त्या गर्दीत चार वर्षांचे मूल मीच त्याच्या हाती सोपवून गेले होते.

सकाळी ईदगाहला निघायची वेळ झाली. नवे कुडते घालून तिघेही दारात उभे होते. अब्बा थोरल्याला म्हणाले, "मुन्नाचा हात धर."

तो मागे सरला. "नको, अब्बा. तुम्हीच धरा."

मी पुढे झाले. सासूबाई पाहत होत्या, शेजारणी पाहत होत्या. थप्पड सगळ्यांसमोर मारली होती, मग माफी कोपऱ्यात का मागायची? मी म्हणाले, "बेटा, काल माझी चूक झाली. मी तुला मारायला नको होते. मला माफ कर."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याचे ओठ थरथरत होते. "अम्मी, मी टोपी पाहायला थांबलो होतो," तो म्हणाला. "एकच क्षण."

"एका क्षणासाठी मीही बांगड्या पाहत होते," मी म्हणाले आणि मुन्नाचा इवलासा हात त्याच्या हातात दिला.

मुलांनो, ईदगाहहून ते परतले, तेव्हाही तो हात तसाच धरलेला होता. दोघांचे तळवे घामाने ओले झाले होते. त्या ईदला शीरखुर्मा नेहमीपेक्षा गोड झाला होता की काय, कोण जाणे! थोरल्याने दोन वाट्या घेतल्या.

तुमच्याही घरात लहान भावंडे असतील. आईवडील कामात असतात, तेव्हा त्यांचा हात तुमच्या हाती येतो. तो हात घट्ट धरा. त्यांना आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचे ठिकाण शिकवा. 'हात सुटला तर' हा खेळ त्यांच्याशी खेळा. आणि कधी हात सुटलाच, तर घाबरून धावू नका. थांबा, आठवा आणि परत त्याच जागी जा. चूक झाली तर घरी खरे सांगा.

आणि हो, आईवडिलांना फिरायला जायचे विचारत राहा. विचारणे सोडू नका. कधी कधी मोठ्यांनाही कोणीतरी हाताला धरून घराबाहेर न्यावे लागते.

शब्दार्थ

यंत्रमाग : विजेवर चालणारे कापड विणण्याचे यंत्र
विणकर : कापड विणणारा
धोटा : आडवा धागा इकडून तिकडे नेणारे मागाचे साधन
भुईकोट : सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
खंदक : किल्ल्याभोवती खणलेला खोल व रुंद चर
वेढा घालणे : चारही बाजूंनी घेरणे
लोहमार्ग : रेल्वेचा रस्ता
चिटोरा : कागदाचा लहान तुकडा
धांदल : गडबड, घाई
थबकणे : एकदम थांबणे

वाक्प्रचार

शब्द लागणे : बोलण्याने मनाला दुःख होणे
तोंडचे पाणी पळणे : खूप घाबरणे
जीव भांड्यात पडणे : काळजी दूर होणे
समजूत घालणे : समजावून सांगून शांत करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुलांना शुक्रवारी झोप का येत नसे?
(२) पहिली सहल कोठे गेली?
(३) भुईकोट किल्ला कोणी बांधला?
(४) थोरल्याला कशाचा वास आठवला?

प्र. २. कारणे लिहा.
(१) मधलीचे शब्द आईवडिलांना फार लागले.
(२) बसमध्ये मुन्ना रडू लागला.
(३) फितरा ईदच्या नमाजेपूर्वी देतात.
(४) थोरला मुन्नाचा हात धरायला तयार नव्हता.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "आता मी विचारत नाही."
(२) "तुम्हीच हरवलात!"
(३) "धाग्याला मारत नाही."

प्र. ४. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मनमाडच्या सहलीचे वर्णन करा.
(२) 'थपडेने दहा मिनिटे वाया गेली,' असे आई का म्हणते?
(३) आईने सर्वांसमोर माफी मागितली. तुम्हांला ते योग्य वाटते का? का?

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : (१) बाजार, दुकान, कागद, शहर, किल्ला हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. असे आणखी दहा शब्द पाठातून व घरातल्या बोलण्यातून शोधा आणि वहीत लिहा. (२) घरातल्या लहान भावंडाला घेऊन जवळच्या ठिकाणी छोटी सहल काढा आणि तिच्याविषयी दहा ओळी लिहा.